पन्हाळा चढायचाय? आधी दाते मोजा

चेनवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक बाईकचा वेग काढायला मागच्या टायरवर खडूची खूण करा, गाडीवर बसून चाक एक फेरा पुढे न्या, अंतर मोजा. रिकाम्या गाडीचं माप जास्त येतं. वजनाने टायर दबतो. समजा १.२६ मीटर आलं. मोटर भाराखाली ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे), पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ११ दात्यांचं, मागचं ५५. म्हणजे गुणोत्तर ५, चाकाचे फेरे मिनिटाला ६००. त्याला १.२६ ने आणि ६० ने गुणा, १००० ने भागा: ताशी ४५ किमी.

रंकाळ्याभोवती झकास! पन्हाळ्याच्या चढाला मात्र मोटर जादा करंट ओढून तापणार. मागे ६६ दाती लावा: गुणोत्तर ६, वेग ३८, ओढ २० टक्के जास्त. कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्प्रॉकेट करून घेताना चेन सोबत न्याच. पिच (चेनच्या दोन पिनांमधलं अंतर) चुकला तर चेन दात्यांवर चढते.