कोल्हापूरच्या काळ्या दगडावरून लाव्हा कसा थंड झाला ते ओळखा

कोल्हापूर परिसरातला काळवत्री दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तो पारखायला दहापट भिंग, हातोडी, गॉगल, पोलादी खिळा आणि पाण्याची बाटली पुरे; भोकांत भरलेलं खनिज ओळखायचं तर सौम्य आम्ल आणि हातमोजेही. पन्हाळ्याच्या तटबंदीवर हातोडी चालवायची नाही. रस्त्याकडेला पडलेला खडा घ्या.

आधी दगड फोडून ताजी बाजू काढा. वरची तांबूस साल हवापाण्यानं कुजलेली असते, तिच्यावरून ठरवलं की हमखास चुकतं. ताजी बाजू ओली करून भिंगाखाली धरा. कण सुटे दिसतच नसतील, तर 1100-1200 अंश सेल्सिअसचा लाव्हा जमिनीवर येऊन झटपट थिजला, स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही. त्याच काळ्या दगडात दोन-तीन मिलिमीटरच्या पांढरट कांड्या चमकल्या तर तो फेल्डस्पार हे खनिज. तो वर येण्याआधी खालीच, सावकाश वाढलेला. एकाच खड्यात थंड होण्याचे दोन वेग!

हाच रस भेगेत थिजला तर मध्यम कणांचा डोलेराइट, खूप खोल राहिला तर भरड गॅब्रो. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ बहुतेकदा यांपैकीच असतो. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास आणि काचेसारखे क्वार्ट्‌झचे (गारगोटीचे) कण. बेसाल्टमध्ये सिलिका 50 टक्क्यांच्या आसपास. कणांवरून वेग कळतो, रंगावरून रसायनाचा अंदाज येतो. नवखा माणूस नेमकी इथंच गल्लत करतो.

दगडाला भोकं असतील तर तो बहुधा लाव्ह्याच्या थराच्या वरच्या भागातला. सुटणारे वायू तिथंच अडकतात. मधला भाग घट्ट, खडीला तोच चांगला. भोकांत पांढरं काही भरलेलं असेल तर खिळा ओढून बघा. ओरखडा उठत नसेल तर गारगोटी. उठला आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबानं जोरात फसफसलं तर कॅल्साइट (चुन्याचं खनिज), नाहीतर बहुधा झिओलाइट, बेसाल्टच्या भोकांत सापडणारं दुसरं खनिज. आम्ल वापरताना हातमोजे, गॉगल हवेतच.

पन्हाळा तालुक्यात बांदिवडे इथं दगडाचे उभे खांब दिसतात. थर थंड होताना आकसतो, भेगा पृष्ठभागापासून आत सरकतात आणि पाच-सहा बाजूंचे खांब सुटतात.

फसवणाऱ्या गोष्टी दोन. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा अग्निज खडक नव्हे, तो बेसाल्ट कुजून झालेला. आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या बाजूला रस्त्याकडेला काचेसारखा चकाकणारा भोकाळ तुकडा सापडला, तर ज्वालामुखीची काच म्हणून घरी नेऊ नका. फाउंड्रीचा स्लॅग, म्हणजे लोखंड वितळवताना निघालेली मळी, असतो तो. फोडलात तर आत लोखंडाचे गंजके मणी सापडतील.