प्रेडनिसोलोन कसं घ्यायचं, आणि मुख्य म्हणजे कसं उतरवायचं

प्रेडनिसोलोन म्हणजे स्टिरॉइडची गोळी. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज-जखमा होऊन संडासातून रक्त जाण्याच्या आजारासाठी, डॉक्टरांनी ती लिहून दिलीय असं धरून चालतो. शेजाऱ्याची उरलेली स्ट्रिप हा उपचार नव्हे.

गोळ्या सकाळी, एकदाच, पेज-भाकरी पोटात गेल्यावर. संध्याकाळी घेतल्या तर रात्रभर डोळे टक्क उघडे. मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज उतरवणारं नेहमीचं औषध, चालू असेल तर चालूच. सुकी मासळी, पापड, लोणचं आवरा, मिठाने सूज चढते. शुगर-बीपी तपासा, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दिलं असेल तर घ्या.

आता खरं काम, डोस उतरवायचा. साधारण ४० मिलिग्रॅमने सुरुवात होते आणि आराम पडला की दर आठवड्याला ५ ने खाली, पण तुमचा कागद वेगळा असेल तर कागद खरा. रक्त थांबलं की घरचे म्हणतात, 'बरा झालास ना, मग कशाला स्टिरॉइड?' ऐकू नका. काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी आपलं काम बंद करतात, गोळी एकदम सोडली तर चक्कर, उलट्या, बीपी खाली, जिवावरही बेतू शकतं. कॅलेंडरवर प्रत्येक आठवड्याचा डोस लिहा, ३५ म्हणजे वीस, दहा आणि पाचची एकेक. पुढच्या टप्प्याच्या स्ट्रिपा आधीच आणून ठेवा, पावसात घाट बंद झाला की तालुक्याच्या मेडिकलात नेमकी पाचची नसते.

१० च्या खाली गेलं की मला दरवेळी गुडघे धरतात, अंगात त्राण नसतं. तेव्हा संडासाकडे बघा. रक्त नाही, फेऱ्या वाढल्या नाहीत, तर बहुतेक डोस उतरल्याचं दुखणं, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त दिसलं तर आजार उसळलाय, लगेच फोन. दोन्ही वेळा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, आणि आपल्या मनाने परत ४० वर तर अजिबात नको. दरवेळी खालच्या डोसवर रक्त येत असेल तर अॅझाथायोप्रिन किंवा बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरून आजार ताब्यात ठेवणारी स्टिरॉइडशिवायची औषधं, यांचं स्पष्ट विचारा, स्टिरॉइड वर्षानुवर्षं चालवायचं औषध नाही.

लावणीच्या दिवसात ताप आला तर अंगावर काढू नका, आपल्याकडे लेप्टो (उंदरांच्या मुताने दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) असतो आणि स्टिरॉइडमुळे ताप दबतो. गोळ्या संपल्यावरही काही महिने, ऑपरेशन असो की दाढ काढणं, स्टिरॉइड घेत होतो हे आधी सांगायचं.