अथेन्स आणि स्पार्टाचे युद्ध वाचनकट्ट्यावर कसे अभ्यासावे

ग्रीक नगरराज्यांचे वैर हा विषय निवडला की बहुतेक मंडळे पहिल्याच बैठकीत फळ्यावर दोन रकाने आखतात: एकीकडे लोकशाहीचे, कलाप्रेमी अथेन्स आणि दुसरीकडे लष्करी शिस्तीची स्पार्टा. मराठवाड्यातील आमच्या तालुक्याच्या गावी पहिल्या वर्षी मीही हेच केले आणि दुसऱ्या रविवारीच चर्चा आटोपली, कारण चांगले कोण आणि वाईट कोण हे आधीच ठरून गेले होते. पुढच्या वर्षी आम्ही धान्यापासून सुरुवात केली. कोणत्या नगराचे धान्य कोठून येते, ते कधी पिकते, कोण पिकवते आणि लढणाऱ्याचा रोजचा खर्च कोण उचलते, हे चार प्रश्न हाती धरले की इ.स.पू. ४३१ ते ४०४ असे २७ वर्षे रेंगाळलेले हे युद्ध, सुगीवर वर्ष मोजणाऱ्या आपल्या भागातील वाचकाला फारसे परके वाटत नाही. पुढील पद्धत सहा रविवारांची आहे. तिच्यासाठी भिंतीवर लावण्याजोगा ग्रीसचा नकाशा, एक हिशेबाची वही आणि थ्युसिडिडीजने लिहिलेल्या इतिहासाचा कोणताही संपूर्ण अनुवाद एवढे पुरे आहे.

पहिला रविवार नकाशाला द्यावा आणि नकाशा आपल्या जिल्ह्यांच्या मापाने वाचावा. अथेन्सचा प्रदेश, म्हणजे अ‍ॅटिका, साधारण अडीच हजार चौरस किलोमीटरचा होता. आपला हिंगोली जिल्हा साडेचार हजारांच्या आसपास आहे. स्पार्टाच्या ताब्यातील लॅकोनिया आणि मेसेनिया हे दोन्ही प्रांत एकत्र केले, तर जालना जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा मुलूख होतो. एवढ्याशा जागेत केवढा हा इतिहास, असे उद्गार सदस्यांकडून येतील. ते ऐकून घ्यावेत आणि लगेच पेन्सिल हातात द्यावी. मेसेनियावर गडद रेघा माराव्यात, कारण स्पार्टाचे पूर्ण नागरिक स्वतः शेती करीत नसत. जिंकलेल्या मुलखातील हेलॉट नावाचे बांधील शेतकरी त्यांना पिकवून देत. इ.स.पू. ४६४ च्या सुमारास मोठा भूकंप झाला, तेव्हा याच हेलॉटांनी बंड केले आणि ते मोडायला स्पार्टाला कित्येक वर्षे लागली. स्पार्टाचे सैन्य घरापासून दूर फार काळ का राहत नसे, याचे निम्मे उत्तर या रेघांत आहे.

अथेन्सची रेघ मात्र समुद्रातून काढावी लागते. शहरापासून पिरियस बंदरापर्यंत सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या भिंती बांधलेल्या होत्या आणि काळ्या समुद्राकाठचे धान्य हेलेस्पाँटच्या अरुंद सामुद्रधुनीतून जहाजाने त्या बंदरात उतरत असे. येथे देवगिरीची आठवण करून द्यावी. अल्लाउद्दीन खिलजीच्या १२९६ च्या वेढ्यात किल्ल्यावर नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि रामदेवरायाला तह करावा लागला, अशी कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. ती शब्दशः खरी मानावी की नाही हा वेगळा प्रश्न आहे. परंतु तट कितीही अभेद्य असला तरी आतल्या कोठारात काय आहे यावर वेढ्याचा निकाल ठरतो, हे त्या कथेवरून चटकन पटते. अथेन्सचा नेता पेरिक्लीज याची सारी योजना याच विचारावर उभी होती: शेते शत्रूला जाळू द्यावीत, माणसे भिंतींच्या आत आणावीत आणि बंदर खुले ठेवावे. खेड्यांतून शहरात दाटलेल्या त्या गर्दीत इ.स.पू. ४३० मध्ये साथ पसरेल हे त्याच्या हिशेबात नव्हते, आणि पुढच्याच वर्षी तो स्वतः वारला.

याच बैठकीत कॉरिंथ, तिची मूळ वसाहत असूनही तिच्याशी वैर धरलेले कॉर्सायरा, मेगारा, थीब्ज आणि प्लेटिया ही नावेही नकाशावर मांडावीत. थीब्ज आणि प्लेटिया यांच्यात जेमतेम तेरा किलोमीटर अंतर होते आणि युद्धाची पहिली चकमक याच दोन शेजाऱ्यांत झाली. दोनच महासत्तांचे हे युद्ध होते असे मानणाऱ्याला ही बांधावरची भांडणे दिसत नाहीत.

दुसऱ्या रविवारी काळ मोजायला शिकावे. इ.स.पू.चे आकडे उतरत जातात हे सांगूनही नवे सदस्य गोंधळतात, म्हणून दोरीवर चिठ्ठ्या लावून क्रम दाखवावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या काळी साऱ्या ग्रीसचे मिळून एक पंचांग नव्हतेच. युद्धाच्या आरंभाचे वर्ष सांगताना थ्युसिडिडीज तीन नगरांच्या खुणा देतो: आर्गोसमध्ये हेरा देवीची पुजारीण क्रायसिस हिच्या सेवेचे ४८ वे वर्ष चालू होते, स्पार्टात एनेसियास हा एफोर, म्हणजे वर्षासाठी निवडलेला अधिकारी, होता आणि अथेन्समध्ये पायथोडोरस हा आर्खोन, म्हणजे त्या वर्षाचा मुख्य अधिकारी, होता. ज्यांच्या घरी निजामकाळातील महसुली कागद आहेत, त्यांनी एखादा कागद सोबत आणावा. फसली सनात सुमारे ५९० मिळवून इसवी सन काढण्याचा सराव केला की, एकाच घटनेला तीन कालगणनांत का बांधावे लागते हे निराळे समजवावे लागत नाही. पुढे हा इतिहासकार उन्हाळे आणि हिवाळे मोजत जातो, कारण मोहिमा बहुतेक उन्हाळ्यातच निघत.

त्या उन्हाळ्याला आपल्या शेतीचे गणित लावावे. ग्रीसमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. जव आणि गहू शरद ऋतूत पेरून वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास कापणीला येत, म्हणजे आपल्या रब्बीपेक्षा थोडे उशिरा. स्पार्टाच्या फौजा अ‍ॅटिकात शिरत त्या धान्य भरत आलेले असताना, जेणेकरून शत्रूचे पीक जाळताही यावे आणि खाताही यावे. इ.स.पू. ४३१, ४३०, ४२८, ४२७ आणि ४२५ अशा पाच स्वाऱ्या वहीत लिहून घ्याव्यात. सर्वांत लांबलेली स्वारी ४३० ची, सुमारे ४० दिवसांची. सर्वांत आखूड ४२५ ची, अवघ्या १५ दिवसांची. त्या वर्षी फौज लवकर आली, पीक हिरवे होते, सैनिकांना खायला मिळेना, हवाही बिघडली, आणि त्यातच अथेन्सने मेसेनियाच्या किनाऱ्यावरील पायलॉसला ठाणे दिल्याची बातमी आली. ४२८ मध्ये तर स्पार्टाने त्याच वर्षी दुसऱ्या स्वारीसाठी मित्रनगरांना बोलावले, तेव्हा ती माणसे कापणीत गुंतली होती आणि जमायला तयार नव्हती. सुगीत माणूस मिळत नाही, हे आपल्या बैठकीत कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. आमच्या एका सदस्याने येथे विचारले की, दुष्काळात वाळलेली मोसंबीची बाग पुन्हा उभी राहायला किती वर्षे लागतात हे ठाऊक असताना, झाडे तोडली गेल्यावर अथेन्स का खचले नाही? प्रश्न रास्त होता. ऑलिव्हचे झाड चिवट असते, तोडले तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते, आणि काही आठवड्यांत कुऱ्हाडीने साफ करता येण्याइतक्या त्या बागा थोड्या नव्हत्या.

तिसरी बैठक हिशेबाची आहे आणि माझ्या मते सर्वांत फलदायी हीच ठरते. फळ्यावर फक्त एक सूत्र लिहावे: ६,००० ड्रॅक्मा म्हणजे एक टॅलेंट. ट्रायरीम या युद्धनौकेवर १७० वल्हेकरी आणि इतर धरून सुमारे २०० माणसे असत. माणशी रोज एक ड्रॅक्मा धरला, तर एका नौकेचा महिन्याचा पगार किती, हे सदस्यांनाच काढायला सांगावे. उत्तर बरोबर एक टॅलेंट येते. म्हणजे शंभर नौका चार महिने समुद्रावर ठेवायच्या तर चारशे टॅलेंट हवेत. पेरिक्लीजने मांडलेल्या हिशेबानुसार मित्रनगरांकडून वर्षाला सुमारे ६०० टॅलेंट खंडणी येत होती आणि अ‍ॅक्रोपोलिसवर नाणी घडवलेली ६,००० टॅलेंट चांदी शिल्लक होती. आता पोटिडियाचा वेढा घ्यावा. तेथे ३,००० सैनिक होते आणि प्रत्येकाला स्वतःचा एक व सेवकाचा एक असे रोज दोन ड्रॅक्मा मिळत, म्हणजे दिवसाला एक टॅलेंट. वेढा दोन वर्षांहून अधिक चालला आणि खर्च २,००० टॅलेंटवर गेला. एका बंडखोर नगरासाठी शिलकीचा तिसरा हिस्सा गेला, हा आकडा सदस्यांनी स्वतः काढला की, पुढे अथेन्स मित्रनगरांना का पिळत गेले आणि ती नगरे का उलटत गेली, याची चर्चा आपोआप सुरू होते. ही खंडणी मुळात इराणविरुद्धच्या संघाची वर्गणी होती आणि तिचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये डेलॉस बेटावरून अथेन्सला हलवला गेला, हे तेव्हा सांगावे. आधी सांगितल्यास ते नुसते सनावळीतले कलम होऊन राहते.

चौथ्या रविवारी, अथेन्सशी युद्ध करावे की नाही हे ठरवणारी इ.स.पू. ४३२ ची स्पार्टातील सभा प्रत्यक्ष भरवावी. एकाने कॉरिंथचा वकील व्हावे, एकाने तेथे आलेल्या अथेनियनांचे बोलणे मांडावे, एकाने वृद्ध राजा आर्किडेमस व्हावे आणि एकाने स्थेनेलेडास हा एफोर. आर्किडेमसचे म्हणणे असे की, युद्ध शस्त्रांपेक्षा पैशाने लढले जाते, आपल्याकडे पैसा नाही, आणि हे युद्ध आपल्या मुलांच्या गळ्यात पडेल. स्थेनेलेडासचे भाषण अगदी त्रोटक आहे. त्यानंतर तो आवाजी मतदान घेतो आणि कोणता आवाज मोठा हे कळत नाही असे सांगून लोकांना दोन बाजूंना उभे राहायला लावतो. ज्यांनी ग्रामसभा पाहिली आहे, त्यांना यातील मेख लगेच कळते: उभे राहिल्यावर युद्धाला नकार देणारा माणूस चारचौघांत ओळखू येतो. मतदान प्रत्यक्ष दोन्ही रीतींनी घेऊन फरक पडतो का ते पाहावे.

भाषणे वाचताना एक सावधगिरी हवी. जे शब्दशः आठवणे कठीण होते, तेथे प्रसंगाला साजेसे बोलणे आपण वक्त्याच्या तोंडी घातले आहे, हे थ्युसिडिडीज स्वतःच कबूल करतो. तो अथेन्सचा सेनापती होता, अँफिपोलिस वाचवता न आल्यामुळे वीस वर्षे परागंदा झाला. अथेन्सचा पुढारी क्लिऑन याच्याविषयी तो लिहितो तेव्हा हे मनात ठेवावे.

पाचव्या बैठकीत मिटिलिनी आणि मेलॉस ही प्रकरणे जोडीने वाचावीत. इ.स.पू. ४२७ मध्ये बंड मोडल्यावर मिटिलिनी या मित्रनगरातील सर्व प्रौढ पुरुष ठार मारण्याचा ठराव अथेन्सच्या सभेने केला आणि दुसऱ्याच दिवशी तो फिरवला. पहिली नौका हुकूम घेऊन निघून गेली होती. तिला गाठण्यासाठी निघालेल्या दुसऱ्या नौकेवरील वल्हेकरी दारू आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ वल्हवता वल्हवताच खात होते आणि आळीपाळीने झोपत होते. ती अगदी ऐनवेळी पोहोचली. सदस्य येथे दयेचा विजय पाहतात. त्यांना ठराव फिरवावा असे सभेत सांगणाऱ्या डायोडोटसचे भाषण पुन्हा वाचायला लावावे, कारण तो दयेची बाजू मांडतच नाही, कत्तल आपल्या तोट्याची आहे एवढेच तो सांगतो. इ.स.पू. ४१६ मध्ये मेलॉस बेटावरच्या पुरुषांना वाचवायला मात्र दुसरी नौका निघाली नाही. अथेन्सची सिसिली बेटावरील मोहीम याच बैठकीत थोडक्यात उरकावी. तिचे नाट्य इतके ओढ लावते की बाकीचे युद्ध झाकले जाते. इ.स.पू. ४१३ मध्ये चंद्रग्रहण झाले म्हणून अथेन्सचा सेनापती निकियास याने माघार लांबवली, एवढा एक प्रसंग पुरे. ग्रहण पाळण्यावरचा वाद आमच्याकडे तासभर चालला, म्हणून वेळेची मर्यादा आधीच घालावी.

शेवटच्या रविवारी युद्ध ४०४ मध्ये संपले असे म्हणून थांबू नये. इराणी पैशावर उभारलेल्या आरमाराच्या बळावर स्पार्टाचा सेनानी लिसँडर याने इ.स.पू. ४०५ मध्ये हेलेस्पाँटमधील एगोस्पोटामी येथे अथेन्सचा ताफा पकडला, धान्याची वाट बंद झाली आणि उपासमारीने शहर शरण आले. नकाशावरील पहिल्या दिवसाची समुद्रातील रेघ येथे पुसावी. अवघ्या नऊ वर्षांनी, इ.स.पू. ३९५ मध्ये, स्पार्टाचेच जुने मित्र कॉरिंथ आणि थीब्ज हे अथेन्सशी हात मिळवून स्पार्टाविरुद्ध उभे राहिले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या रणात एपॅमिनाँडसच्या थीबन फौजेपुढे स्पार्टाच्या सुमारे ७०० पूर्ण नागरिकांपैकी ४०० पडले आणि लवकरच त्याने मेसेनियात उतरून हेलॉटांना त्यांचे स्वतःचे नगर वसवून दिले. ज्या सदस्याने पहिल्या रविवारी मेसेनियावर रेघा मारल्या असतील, त्याच्याच हाती खोडरबर द्यावे.