दुकानासाठी गाळा भाड्याने घेताय? या चुका टाळा

केक-पेस्ट्रीच्या दुकानासाठी पहिला गाळा घेतला तेव्हा मी भिंती, फरशी, शटर सगळं निरखून पाहिलं. विजेचं बिल तेवढं मागितलं नाही. ते घरगुती निघालं! घरगुती मीटरवर धंदा म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर, आणि आकारणी दुप्पट दराने. म्हणून आधी ताजं बिल मागा. त्यावर तीन गोष्टी दिसतात: मीटरचा प्रकार, थकबाकी आणि मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज खेचता येईल ती मर्यादा. ओव्हन आणि डीप फ्रीजर एकदम चालू केल्यावर वीज जायला लागली, तेव्हा कुठे मला मंजूर भार म्हणजे काय ते कळलं. भार वाढवायचा अर्ज कोण करणार, पैसे कोण भरणार, हे टोकन देण्याआधीच ठरवा.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. मालक म्हणाला २२० चौरस फूट. टेप लावली तर आत जेमतेम १६० भरले. उरलेला पोटमाळा आणि पुढची पत्र्याची शेड. शेड इमारतीच्या मार्जिनमध्ये (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), म्हणजे अतिक्रमणवाले कधीही पाडणार. तिचंही भाडं मी भरत होतो. इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) बघा; नकाशात त्या जागी पार्किंग असेल तर तो गाळा नव्हेच.

'अकरा महिन्यांचं नोटरी करू, नोंदणीचा खर्च कशाला?' असं एजंट हमखास म्हणतो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (जागा ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार वाचताना लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार मोडता येणार नाही ही अट, नीट बघा. माझ्या करारात ती फक्त माझ्यावर होती; मालक महिन्याच्या नोटिशीवर मला काढू शकत होता.

भाडं ठरवताना जीएसटी धरून की वगळून, हेही विचारा. २५,००० वर १८ टक्के म्हणजे महिना ४,५०० जास्त. आणि फर्निचरच्या दिवसांचं भाडं माफ करून घ्या. तोंडी नको, करारात लिहून घ्या. माझे सुतारकामात पाच आठवडे गेले, भाडं मात्र चावी मिळाल्या दिवसापासून सुरू.