संदर्भ विभागात जाताना: काय विचारावं, काय मागावं

वाचनालयात शिरल्यावर बहुतेक जण देवघेवीच्या खिडकीशीच थांबतात. कादंबरी बदलायची असेल तर ते ठीक. पण पणजोबांनी छापलेली पुस्तिका, गावाची शंभर वर्षांपूर्वीची माहिती किंवा जुन्या राजपत्रातली नावबदलाची सूचना हवी असेल तर संदर्भ विभागाचं टेबल गाठायचं. इथलं पुस्तक घरी नेता येत नाही, तिथंच बसून वाचायचं. बऱ्याच ठिकाणी सभासद नसलेल्यांनाही ओळखपत्र पाहून बसू देतात, कुठे दिवसाचं थोडं शुल्क घेतात. निघण्याआधी फोन करून विचारा.

प्रश्न नेमका करा

"मॅडम, टिळकांवर काही आहे का?" असं विचारलंत तर तुमच्यापुढे कपाटभर पुस्तकं येतील आणि दुपार वाया जाईल. त्याऐवजी "1897 च्या राजद्रोहाच्या खटल्याच्या निकालाची बातमी हवी आहे" असं सांगा. मग ग्रंथपाल तारखेपासून सुरुवात करतील. शिक्षा झाली 14 सप्टेंबर 1897 ला, आणि तो मंगळवार होता. 'केसरी' तेव्हा साप्ताहिक होता आणि मंगळवारीच निघायचा. म्हणजे त्या दिवशीच्या अंकात निकाल शोधण्यात अर्थ नाही, आधी 21 सप्टेंबरचा अंक मागायचा. जुन्या साप्ताहिकांत बातमी "सापडत नाही" याचं निम्म्या वेळा एवढंच कारण असतं.

कागदावर चार गोष्टी लिहून न्या: नाव (जुनं आडनाव वेगळं असल्यास तेही), गाव, अंदाजे काळ, आणि माहिती कशासाठी हवी आहे ते. शेवटची गोष्ट लोक संकोचानं लपवतात. पण शाळेच्या प्रकल्पाला विश्वकोशातली नोंद पुरते, प्रबंधाला पुरत नाही. हेतू कळला की कपाटही बदलतं.

कुठल्या प्रश्नाला कुठलं साधन

एखादं मराठी पुस्तक खरोखर निघालं होतं का, कोणी छापलं, किती पानांचं होतं, हे पाहायला शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे. पहिला भाग 1800 ते 1937 आणि दुसरा 1938 ते 1950 या काळाचा. नुसतं "दाते द्या" म्हणू नका. 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे दाते वेगळे, यशवंत रामकृष्ण. चुकीचे दाते हातात आले की पुस्तकाचं नाव शब्दकोशात शोधत बसाल.

जुन्या पुस्तकावर बहुधा इसवी सनाऐवजी शालिवाहन शकाचं वर्ष असतं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष चैत्रात सुरू होत असल्यानं जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 मिळवावे लागतात. म्हणून शके 1813 म्हणजे 1891 किंवा 1892, दोन्हीकडे पाहा. मराठेशाहीतल्या कागदांवर सुहूर सन ही आणखी एक जुनी कालगणना असते. त्यात 599 मिळवा, जानेवारी ते मे असेल तर 600. तिथीवरून नेमकी तारीख हवी असेल तर जंत्री, म्हणजे तिथी-तारखांची कोष्टकं, मागा. हा हिशेब तोंडी करू नये.

गावाच्या माहितीसाठी लोक कॅम्पबेलच्या संपादनाखालचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजी काळातले जिल्हावार माहितीचे सरकारी खंड, मागतात, आणि हटकून चुकीचा खंड मागतात. जिल्हा आजचा धरायचा नाही, तेव्हाचा धरायचा. वाळवे आज सांगली जिल्ह्यात आहे, पण माहिती मिळेल साताऱ्याच्या 19 व्या खंडात. पुण्याचा खंड 18 वा, तो तीन भागांत आहे. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता आणि विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात, त्यामुळे ते या मालिकेत नाहीत, त्यांची गॅझेटिअरं वेगळी मागावीत. शिवाय मजकूर इंग्रजी आणि स्पेलिंग जुनं: पूना, थाना, शोलापूर. सूचीत गाव नाही म्हणून लगेच पुस्तक मिटू नका, उच्चार बदलून दोन-तीनदा पाहा.

नावबदलाची सूचना राजपत्राच्या भाग दोनमध्ये असते. निदान वर्ष आणि महिना तरी हवाच. "सत्तरच्या दशकात कधीतरी" एवढ्यावर दहा वर्षांचे साप्ताहिक अंक कोणी चाळून देणार नाही.

चिठ्ठी, कपाट, टेबल

जुनी पुस्तकं बंद कपाटांत असतात, ती मागणी चिठ्ठीवर मिळतात. चिठ्ठीत शीर्षक, लेखक, वर्गांक आणि दाखल क्रमांक लिहायचा. वर्गांक विषय सांगतो: पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई पद्धतीत 891.46 म्हणजे मराठी साहित्य, आणि या क्रमांकाची शेकडो पुस्तकं असतील. दाखल क्रमांक मात्र त्या एकाच प्रतीचा असतो. तो चुकला की शिपाई रिकाम्या हातानं परत येतो. बऱ्याच ठिकाणी दुपारच्या सुटीत आणि बंद व्हायच्या आधी चिठ्ठ्या घेत नाहीत, तेव्हा सकाळीच जा.

बांधीव अंक टेबलावर आडवा ठेवा, मांडीवर नको. शिवण तुटली की मधली पानं सुटतात आणि पुढच्या वाचकाला तोच आठवडा गायब दिसतो. टिपणं पेन्सिलीनं घ्या. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, हे सांगावं लागतं.

ठिसूळ कागदाची झेरॉक्स नाकारतात, कारण काचेवर पालथं दाबताना पान कण्यापाशी मोडतं. मोबाइलनं फोटोची परवानगी मागा, फ्लॅश बंद ठेवा. पहिला फोटो मुखपृष्ठाचा किंवा तारखेच्या पट्टीचा घ्या, नाहीतर घरी गेल्यावर चाळीस फोटो कुठल्या अंकाचे ते कळणार नाही. अख्ख्या पुस्तकाची प्रत मागाल तर आधी लेखकाच्या निधनाचं वर्ष पाहतील. भारतात लेखनाचा हक्क (कॉपीराइट) निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. 1960 साली वारलेल्या लेखकाचं पुस्तक 1 जानेवारी 2021 पासून मोकळं झालं.

टेबलाशी काय मिळत नाही

मोडी कागद वाचून देणं, सातबाऱ्याच्या वादावर सल्ला, जुन्या पुस्तकाची किंमत ठरवणं, ही त्यांची कामं नाहीत. पण कुठे जावं ते सांगतात, तेवढं जरूर विचारा. पेशवाईतल्या कागदांसाठी पुण्याचं पुराभिलेखागार, गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या वर्तमानपत्रांसाठी पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. पुस्तक दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात असेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीनं मागवता येतं का, हेही त्याच टेबलाशी विचारायचं. आणि काहीच सापडलं नाही तर निघताना कुठली साधनं पाहून झाली ती त्यांच्याकडून लिहून घ्या, म्हणजे पुढच्या ग्रंथालयात पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.