मृगाआधी भरायची बरणी

मे महिन्यात गोव्यातल्या घरांत पुरुमेंताची धावपळ असते. मिरच्या, सुकी मासळी, सोलं, मीठ असं पावसाळ्याचं सगळं सामान भरून ठेवायचं. त्याच फळीवर माझी एक काचेची बरणी असते. तिच्यात मध, माडाचं व्हिनेगर आणि परसातला पाला. मध आणि आंबट एकत्र मुरवायची रीत जुनी आहे. ग्रीक तिला ऑक्झिमेल म्हणत. इराणात तीच सिकंजबीन, म्हणजे सिरका आणि अंगबीन. अंगबीन म्हणजे मध. बरणी मुरायला तीन आठवडे लागतात आणि मृग ७-८ जूनला लागतो, म्हणून १५ मेच्या आत सगळं हाताशी हवं.

आधी बरणी बघा. अर्ध्या लिटरची, रुंद तोंडाची, काचेची. आजीच्या वेळची चिनी मातीची बरणी कितीही लाडकी असली तरी इथे नको. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. तांब्या-पितळेचं भांडंही नको. झाकण प्लास्टिकचं घ्या. पत्र्याचंच असेल तर मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर व्हिनेगरच्या वाफेनं ते गंजतं. बरणी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पालथी घाला. तिच्यात थेंबभरही पाणी राहता कामा नये.

कोरडेपणाबद्दल मी इतकं सांगते कारण आपल्याकडची हवा दमट. एका वर्षी धुतलेली तुळस घाईघाईत तशीच घातली आणि दहाव्या दिवशी वर पांढरी बुरशी आली. सगळी बरणी ओतून द्यावी लागली, तो मध वाया गेल्याची हळहळ अजून आहे. तेव्हापासून पाला आदल्या दिवशी सकाळी, दव सुकल्यावर खुडते, धुऊन सुती कापडावर रात्रभर पसरते. (आमच्याकडे रविवारी आणि एकादशी-द्वादशीला तुळस खुडत नाहीत, तेव्हा दिवस आधीच बघून ठेवा.) तुळशीबरोबर गवती चहा, ओव्याची चार पानं, आल्याचा बोटभर तुकडा, ओल्या हळदीचा तुकडा आणि पाच-सहा मिरे. मिऱ्यांमुळे हळदीतला गुण अंगी जास्त लागतो. आलं-हळद सोलून, चकत्या करून तासभर वाऱ्यावर ठेवा.

व्हिनेगर माडाच्या सुरेचंच, म्हणजे माडीचंच, असावं असा माझा हट्ट आहे. रेंदेरानं, म्हणजे माडावर चढणाऱ्यानं, काढलेली सूर आधी आंबून मद्य होते, मग तेच हवेतल्या जिवाणूंमुळे आम्ल बनतं. तळाशी गढूळ जाळं दिसलं तर घाबरू नका, ते त्या जिवाणूंचंच. मात्र घरगुती व्हिनेगरची आम्लता दर वेळी सारखी नसते. पहिल्यांदा करत असाल तर बाटलीवर ५ टक्के आम्लता लिहिलेलं घ्या, कारण टिकाऊपणा मुख्यतः आम्लातून येतो. मध घट्ट आणि ओळखीच्या माणसाकडचा घ्या. तो गरम करू नका.

आता भरणं. पाला-चकत्या बरणीत सैलसर अर्ध्यापर्यंत. त्यावर मध आणि व्हिनेगर निम्मे निम्मे, सगळं बुडेपर्यंत. वर तरंगणारं पान चमच्यानं खाली दाबा, कारण बुरशी तिथूनच धरते. झाकणावर तारीख आणि जिन्नस लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवा. रोज एकदा हलवा.

तीन आठवड्यांनी मुरलेला अर्क मलमलीतून गाळून फ्रिजमध्ये ठेवला की आमच्याकडे दिवाळीपर्यंत पुरतो. एक-दोन चमचे, पेलाभर पाण्यात घालून. नुसता पिऊ नका, दातांना आणि घशाला झोंबतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याही रूपात देऊ नये. मधुमेह, आम्लपित्त किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मी तो घशाच्या खवखवीला आणि जेवणाआधी तोंडाला चव यावी म्हणून घेते. औषधाच्या जागी नाही.

गाळणीत उरलेलं आलं टाकू नका. बारीक चिरून कांद्याच्या कोशिंबिरीत घातलं की जेवण संपेस्तोवर वाटी पुरत नाही.