ट्रॅक्टर स्टार्ट होत नाही? आधी या चुका टाळा

चावी फिरवली आणि ट्रॅक्टर उठला नाही, की बहुतेकांचा हात पुन्हा चावीकडेच जातो. सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारत राहायचं, इंजिन कधीतरी उठेल या आशेवर. मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर बॅटरी उतरते. सेल्फची मोटर भरपूर करंट ओढते, सलग फिरवली तर आतलं वाइंडिंग जळतं. एका वेळी दहा-पंधरा सेकंद पुरे, मग किमान मिनिटभर थांबा.

थांबलात की एवढंच आठवा: सेल्फ मुळीच फिरला नाही, नुसता 'टक' झाला, रडत फिरला, की जोमात फिरूनही इंजिन पेटलं नाही? निम्मं निदान इथेच होतं.

काहीच आवाज नसेल तर पाने काढण्याआधी क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रलला आहे का आणि पीटीओ (अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद आहे का ते बघा. बऱ्याच मॉडेलांत सेफ्टी स्विच असतो, तो सेल्फचा करंट अडवतो. यानंतर फ्यूज.

'टक' झाला किंवा सेल्फ रडला, की लोक थेट नवी बॅटरी आणतात. आधी टर्मिनल बघा. त्यावर पांढरट-हिरवी बुरशी चढलेली असेल, तर बॅटरी कितीही चांगली असली तरी करंट पुढे जात नाही. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, घासा आणि घट्ट आवळा. चासीला गेलेली अर्थची वायर तर कोणी बघतच नाही, आणि गंज तिथेच धरतो. एवढं करूनही फरक पडला नाही तर मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली कोसळला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. आकडा टिकून राहिला आणि तरी नुसता 'टक' होत असेल, तर संशय सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा सेल्फवर घ्या.

सेल्फ जोमात फिरतोय, पण इंजिन उठत नाही? सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. इंजिन बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिलाय का, टाकीचा कॉक उघडा आहे का, हे बघायला लाजू नका. फिल्टरच्या वाटीत पाणी साठलं असेल तर ते सोडून द्या.

टाकी कोरडी पडली होती किंवा नुकताच फिल्टर बदलला असेल, तर लाइनने एअर धरली असणार, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली असणार. नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (एअर सोडायचा) सैल करा, डिझेलचा हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग पुढे फ्युएल पंपावरचा स्क्रू. क्रम टाकीकडून इंजिनकडे. काढलेली एअर रोज सकाळी परत धरत असेल, तर कुठला तरी पाइप चिरलाय किंवा फिल्टरचं सील नीट बसलेलं नाही. जुनं सील हाउसिंगला चिकटून राहतं आणि त्यावरच नवं चढतं, हे नेहमीचं. कॉमन रेल इंजिनच्या (एकाच नळीतून सगळ्या नोजलांना जबर दाबाने डिझेल देणाऱ्या) प्रेशर लाइनला मात्र पाना लावू नका. तिथली डिझेलची धार कातडीत घुसते.

पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही. थंडीत हीटर किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन पेटण्यासाठी तापवणारे भाग) बिघडला की असं होतं. अशा वेळी ईथरचा (झटकन पेट घेणारा) स्प्रे मारायचा मोह होतो. हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तो कधीही मारू नका, स्फोट होऊ शकतो.

आणि सगळ्यात वाईट सवय: खाली उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फचे टर्मिनल जोडणं. यात सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर उठल्या क्षणी पुढे निघतो, आणि टर्मिनल जोडणाऱ्याच्याच अंगावर मागचं चाक येतं. काम कितीही खोळंबलेलं असो, हे करूच नका. स्टार्ट करायचा तो सीटवर बसूनच.

सेल्फ दमदार आहे, डिझेल स्वच्छ आहे, एअर काढलीय आणि तरीही इंजिन उठत नसेल, तर उरतात फ्युएल पंप, नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब). पंप घरी खोलू नका, त्याचं टायमिंग आणि कॅलिब्रेशन जुळवायला वेगळी साधनं लागतात. मिस्त्रीला मात्र धुराचा रंग आणि सेल्फचा आवाज आवर्जून सांगा, त्याची अर्धी खोलाखोली वाचेल.